संगणकांतील गाणें दिवाणखान्यांत कसें येतें?

आजच्या पुष्कळ मध्यम स्थितींतील घरांत दोन यंत्रें एकाच छपराखालीं नांदत असून परस्परांशीं अबोला धरून बसलेलीं दिसतात. एक म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यांतील हाय-फाय संच. वडिलांनीं किंवा आजोबांनीं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं हौसेनें घेतलेला जड ॲम्प्लिफायर, त्याच्या दोहों बाजूंस लांकडी पेट्यांतील दोन मोठे स्पीकर, आणि वर एक विणलेला रुमाल. कॅसेटचा काळ गेला, सी.डी.चाहि गेला, आणि हा संच आतां फुलदाणी ठेवण्यापुरता उरला. दुसरें यंत्र म्हणजे आंतल्या खोलींतील संगणक. त्याच्या पोटांत शेंकडों तासांचें संगीत सांठविलेलें असतें. परंतु गावयाची वेळ आली म्हणजे तो आगपेटीएवढ्या स्पीकरमधून किनऱ्या आवाजांत गातो. एकाजवळ गाणें आहे, पण गळा नाहीं. दुसऱ्याजवळ गळा आहे, पण गाणें नाहीं.

ह्या दोघांची गांठ कशी घालावी, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे. गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत ध्वनीचा धडा चालू असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, गाणें तारेशिवाय ह्या खोलींतून त्या खोलींत जातें, तर वाटेंत थोडें सांडत नाहीं का?" प्रश्न ऐकून वर्ग हंसला. पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. बाजारांत हजारों रुपयांच्या तारा व पेट्या नेमक्या ह्याच भीतीवर विकल्या जातात. त्याचें थोडक्यांत उत्तर असें, कीं गाणें जोंपर्यंत आंकड्यांच्या रूपांत आहे तोंपर्यंत वाटेंत कांहीं सांडत नाहीं. सांडतें तें निघण्यापूर्वीं आणि पोंचल्यानंतर. हें कसें, तें विद्यार्थिमित्रांनो, आपण आतां पाहूं.

ध्वनि म्हणजे हवेच्या दाबांतील चढउतार, हें तुम्ही शिकलांच आहां. मायक्रोफोन ह्या चढउतारांची नक्कल विजेच्या दाबांत उतरवितो. जुन्या तबकडींत तीच नक्कल खांचेच्या नागमोडी वळणांच्या रूपानें, व कॅसेटींत चुंबकत्वाच्या कमीअधिकपणाच्या रूपानें ठेवलेली असते. मूळ लहर व तिची नक्कल यांचें हें साम्य अखंड असल्यामुळें खांच झिजली कीं गाणें झिजतें, फीत ताणली कीं सूर डळमळतो. संगणकाची रीत निराळी. तो लहर सांठवीत नाहीं. लहरीचीं मोजमापें सांठवितो.

रुग्णालयांत तापाच्या रोग्याजवळ परिचारिका दर चार तासांनीं थर्मामीटर लावून आंकडा लिहिते, व त्या आंकड्यांवरून डॉक्टरास तापाची संबंध रेषा दिसते. संगणकांतील गाणें हा असाच एक तक्ता आहे. भेद इतकाच, कीं येथें मोजणी दर सेकंदास ४४,१०० वेळां होते, व प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांच्या पट्टीवर केलेलें असतें. सोनी व फिलिप्स ह्या कंपन्यांनीं १९८२ सालीं विक्रीस आणलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं हे आंकडे ठरले, आणि संगीताच्या सांठवणींत आजहि ते प्रमाण मानले जातात.

इतकीच मोजणी कां? मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनि ऐकूं येतात. वय वाढतें तशी वरची मर्यादा खालीं उतरते. (चाळिशी उलटलेल्या आम्हां शिक्षकांस त्या वरच्या टोकाचे ध्वनि ऐकूं येत नाहींत, पण मागच्या बांकावरची कुजबुज ऐकूं येते, ही निसर्गाची योजना होय.) हॅरी नायक्विस्ट यानें १९२८ सालीं तारायंत्राच्या संदेशांविषयीं लिहितांना ज्या विचाराचा पाया घातला, व क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं जो स्पष्ट सिद्धान्तरूपानें मांडला, तो असा: ज्या लहरींत अमुक एका मर्यादेपलीकडचीं कंपनें नाहींत, तिचीं त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळां मोजमापें घेतलीं, तर त्यांवरून मूळ लहर संपूर्णपणें पुन्हां उभी करतां येते. ह्यांतील 'संपूर्णपणें' हा शब्द ध्यानांत ठेवावा. पुष्कळांची अशी समजूत असते, कीं दोन मोजमापांमधील जागा रिकामी राहते आणि आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक होतो. तसें होत नाहीं. त्या ठराविक बिंदूंतून, कंपनांची मर्यादा न ओलांडतां जाणारी अशी एकच वळणदार रेषा असूं शकते. बिंदु मिळाले कीं रेषा मिळालीच. राहतो तो एवढाच फरक, कीं प्रत्येक मोजमाप पट्टीवरील जवळच्या पायरीवर बसवावें लागतें. आणि तो इतका सूक्ष्म असतो, कीं छताच्या पंख्याच्या घरघरीपुढें त्याची काय कथा!

आतां थोडें गणित करूं. सेकंदास ४४,१०० मोजमापें, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचें, आणि डावा व उजवा असे दोन मार्ग. गुणाकार १४,११,२०० बिट. म्हणजे तासाभराच्या गाण्यास सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. तीस वर्षांपूर्वीं घरगुती संगणकांत एवढी जागा मोकळी असणें हें श्रीमंतीचें लक्षण होतें. म्हणून आंकडे थोडक्यांत लिहिण्याच्या युक्ति निघाल्या, आणि येथेंच सांडण्याचा पहिला प्रसंग येतो.

ह्या युक्ति दोन जातींच्या आहेत. एम.पी.३ ही पहिल्या जातीची. तिच्या घडणींत जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा मोठा वांटा आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारीं आलेला बारीक आवाज कानास जाणवत नाहीं, हा कानाचा धर्म ओळखून ती असे आवाज टाकून देते किंवा स्थूलमानानें लिहिते. टाकलेलें परत येत नाहीं. दुसऱ्या जातीची पद्धति म्हणजे फ्लॅक. जॉश कोल्सन यानें तिची पहिली पूर्ण आवृत्ति २००१ सालीं प्रसिद्ध केली. ती कांहींहि टाकीत नाहीं. मागील आंकड्यांवरून पुढील आंकडा काय असेल याचा ती अंदाज बांधते, आणि अंदाज व खरा आंकडा यांतील फरक तेवढा लिहून ठेवते. हे फरक लहान असल्यामुळें जागा पुष्कळदां निम्म्याच्या आसपास येते. उलगडतांना मात्र मूळचा प्रत्येक आंकडा जसाचा तसा हातीं येतो. एम.पी.३ म्हणजे पुस्तकाचा सारांश. फ्लॅक म्हणजे तेंच पुस्तक बारीक टायपांत.

सारांश वाईटच असतो असें नाहीं. सेकंदास ३२० किलोबिटांची नीट केलेली एम.पी.३ आणि मूळ सी.डी. यांतील भेद डोळे बांधून ओळखावयास सांगितलें, तर बहुतेकांची फजिती होईल. ऐकण्यापुरती ती पुरेशी आहे. परंतु सांठवणीसाठीं ती पत्करूं नये. कारण सारांशाचा पुन्हां सारांश केला, कीं पहिल्यांत न दिसलेले दोष दुसऱ्यांत दिसूं लागतात. घरीं एक प्रत फ्लॅकमध्यें असली, म्हणजे तिच्यावरून हव्या तेवढ्या लहान प्रती केव्हांहि काढतां येतात. उलट दिशेनें जातां येत नाहीं.

आतां प्रवासाकडे वळूं. सर्वांत सोपा मार्ग तारेचा. संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रांत एक साडेतीन मिलिमीटरची पिन घालावयाची, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाच्या तांबड्या व पांढऱ्या अशा दोन पिना ॲम्प्लिफायरच्या मागें 'ऑक्स' असें लिहिलेल्या जागीं बसवावयाच्या. दोनतीनशें रुपयांत काम होतें. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'फोनो' असेंहि एक स्थान असतें. तेथें ह्या पिना मुळींच लावूं नयेत. तें स्थान तबकडीच्या सुईपासून येणाऱ्या अत्यंत क्षीण प्रवाहासाठीं राखलेलें असतें. संगणकाचा जोर तेथें दिला तर आवाज फाटतो, आणि स्पीकरासहि इजा होऊं शकते.

तारेच्या मार्गांत एक खोड आहे. संगणक एका खोलींतील सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या. दोघांची जमिनीशीं आपापली जोडणी असते. मध्यें तार आली, कीं ह्या जोडण्यांचें एक कडें तयार होतें, त्यांत घरच्या विजेचीं सेकंदास ५० ह्या गतीचीं आंदोलनें शिरतात, आणि गाण्याच्या पाठीमागें एक अखंड घुमारा ऐकूं येतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर घुमारा थांबला, तर दोष ह्या कड्याचा आहे असें समजावें व ॲम्प्लिफायर दुरुस्तीस नेऊं नये. येथें मर्म असें, कीं ह्या तारेंतून आंकडे जात नाहींत; आंकड्यांपासून बनविलेली विजेची लहर जाते. लहरींत भेसळ होऊं शकते, आंकड्यांत होत नाहीं. म्हणून आंकड्यांची लहर जेथें होते, ती जागा ॲम्प्लिफायरच्या जितकी जवळ तितकें बरें. पुढील सारी योजना ह्या एका वाक्यावर उभारलेली आहे.

तेव्हां आंकडेच पाठवावे हें ठरलें. ते हवेंतून नेण्याच्या दोन रीती घरोघर परिचित आहेत, ब्लूटूथ व वायफाय. ब्लूटूथ सोपें, पण अरुंद. एवढे सगळे आंकडे मावत नाहींत म्हणून तें निघण्यापूर्वीं गाण्याचा सारांश करतें; गाणें मुळांत एम.पी.३ असेल तर हा सारांशाचा सारांश होतो. शिवाय फोन घेऊन कोणी अंगणांत गेला कीं गाणें तुटतें, आणि मध्येंच फोन आला कीं मैफलींत घंटी वाजते. पाहुण्यांनीं आपल्या फोनवरील एखादें गाणें ऐकवावें एवढ्यासाठीं तें ठीक.

वायफायचा रस्ता रुंद आहे. १९९९ सालच्या जुन्या वायफायची कागदोपत्रीं क्षमता सेकंदास ११ मेगाबिट होती, सी.डी.च्या दर्जाचें गाणें तिच्या सुमारें आठव्या हिश्श्यांत मावतें. आजच्या वायफायपुढें तर हें ओझेंच नव्हे. परंतु रुंदीपेक्षां वाहतुकीची शिस्त अधिक महत्त्वाची आहे, आणि त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर तिच्यांत आहे.

आंकडे नळाच्या धारेसारखे वाहत जात नाहींत. ते सुमारें १,५०० बाइटांच्या पाकिटांत भरले जातात, सी.डी.च्या दर्जाच्या गाण्यास सेकंदाला सुमारें १२० पाकिटें लागतात. प्रत्येक पाकिटावर क्रमांक असतो, आणि आंतील मजकुराच्या पडताळ्याची एक बेरीज असते. पूर्वीं रजिस्टर पत्राची पोंचपावती परत येत असे, तशी येथें पाकिटें पोंचल्याची पोंच सतत येत राहते. पाकीट हरवलें, किंवा बेरीज जुळेना म्हणून टाकून द्यावें लागलें, तर पोंच येत नाहीं, व पाठविणारा तेंच पाकीट पुन्हां पाठवितो. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं मांडलेल्या योजनेंतून ही शिस्त वाढीस लागली. बँकेचा हिशेब आणि परीक्षेचा निकाल तिच्याच भरंवशावर आपणांपर्यंत येतो. बँकेच्या आंकड्यांत प्रवासामुळें एका पैशाचा फरक पडत नाहीं, तर सुरांत कां पडावा?

पण पुन्हां पाठविण्यांत वेळ जातो, आणि गाणें तर थांबूं शकत नाहीं, मग? येथें आपल्या घरांतील पाण्याची टांकी आठवावी. नगरपालिकेचें पाणी सकाळीं दीड तास येतें, कधीं जोरानें, कधीं करंगळीएवढें. तरी स्वयंपाकघरांतील तोटी दिवसभर सारखी वाहते. ॲम्प्लिफायरजवळच्या वादकयंत्रांत आंकड्यांची अशीच एक टांकी असते. पाकिटें मागेंपुढें, थांबत-धांवत येऊन टांकी भरतात. टांकीच्या तोटीपाशीं मात्र क्वार्ट्झ स्फटिकाचें घड्याळ बसलेलें असतें, आणि तें सेकंदास बरोबर ४४,१०० मोजमापें बाहेर सोडतें. ताल राखणारें घड्याळ हें. वायफायच्या धांदलीशीं त्याचा संबंध येत नाहीं.

ह्यावरून एक गोष्ट निघते, व ती गिऱ्हाइकानें पक्की लक्षांत ठेवावी. ह्या वाटेंत बिघाड झाला तर गाणें मळकट होत नाहीं, त्याचा खर्ज पातळ होत नाहीं, गायिकेचा आवाज मागें सरत नाहीं. टांकी रिकामी होते आणि गाणें थांबतें. आपल्या घरीं गाणें मधूनमधून थांबत असेल तर राउटर जवळ आणावा, किंवा वायफाय सोडून साध्या नेटवर्कच्या तारेनें यंत्र जोडावें. थांबत नसेल, तर ती तार शंभर रुपयांची आहे कीं दहा हजारांची, हें आंकड्यांस ठाऊक नसतें. 'ह्या तारेनें स्वर अधिक मोकळे होतात' असें सांगणारा दुकानदार भेटल्यास नम्रपणें नमस्कार करून बाहेर पडावें.

सबंध योजनेंत तीन पात्रें असतात व त्यांचीं कामें निराळीं असतात, हें न समजल्यामुळें पुष्कळांचा घोटाळा होतो. ग्रंथालयाची उपमा घ्या. संगणक हा ग्रंथपाल. त्याच्या कपाटांत गाणीं आहेत व यादीहि त्याच्यापाशीं आहे. ॲम्प्लिफायरजवळचें वादकयंत्र हा वाचक. तो ग्रंथपालाकडून पुस्तक मागून घेतो आणि मोठ्यानें वाचतो. तुमच्या हातांतील फोन ही केवळ मागणीची चिठ्ठी होय. गाणें फोनमधून जात नाहीं. म्हणून फोन बंद पडला, किंवा मालकाबरोबर बाजारांत गेला, तरी गाणें चालूच राहतें. ब्लूटूथ व ही योजना यांत हाच मोठा भेद आहे.

वाचकाची भूमिका करणारीं यंत्रें निरनिराळ्या कंपन्यांचीं मिळतात. परंतु स्वस्त आणि शिक्षणदृष्ट्या उत्तम मार्ग म्हणजे 'रास्पबेरी पाय' हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. शाळकरी मुलांनीं संगणकाची विद्या हातानें शिकावी ह्याच हेतूनें तो इंग्लंडांत २०१२ सालीं प्रथम विक्रीस आला. त्याच्या माथ्यावर 'डॅक' म्हणजे आंकड्यांची लहर करणारा एक छोटा फलक बसवावा, खुला व फुकट मिळणारा वादनाचा कार्यक्रम त्यांत भरावा, आणि हातभर लांबीच्या तारेनें तो ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' स्थानास जोडावा. अकरावी-बारावीचीं मुलें एका शनिवारच्या दुपारीं हें करूं शकतील. डॅकविषयीं आजकाल फार चिंता करूं नये. साधा डॅकहि आपलें काम चोख करतो. आवाजाचें बटण मात्र ॲम्प्लिफायरचेंच फिरवावें. सोळा बिटांच्या साध्या यंत्रांत संगणकाकडून लहरीची उंची निम्मी केली, कीं एक बिट वायां जातो. चारदां निम्मी केली तर सोळांतील चार गेले.

यंत्र निवडतांना त्याच्या पाठीशीं कोण आहे हेंहि पाहावें. अमेरिकेंतील एका लहान कंपनीचें 'स्क्वीझबॉक्स' हें वादकयंत्र २००३ सालीं निघालें; २००६ सालीं लॉजिटेकनें ती कंपनी विकत घेतली, आणि २०१२ सालीं हीं यंत्रें बंद केलीं. तरी तीं आजहि अनेक घरांत वाजत आहेत, कारण ग्रंथपालाचें काम करणारा त्यांचा कार्यक्रम सर्वांस खुला होता. हौशी लोकांनीं तो जोपासला, व आज 'लिरिऑन म्युझिक सर्व्हर' ह्या नांवानें तो चालू आहे. ह्याच्या उलट उदाहरण गूगलच्या 'क्रोमकास्ट ऑडिओ'चें. २०१५ सालीं निघालेली ही बिस्किटाएवढी चकती फार लोकप्रिय झाली, २०१९ सालीं बंद झाली, आणि मार्च २०२५ मध्यें कंपनीकडील एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळें घरोघरच्या चकत्या कांहीं दिवस मुक्या झाल्या. पुढें दुरुस्ती झाली हें खरें. पण वीज घरांत, वायफाय घरांत, गाणें शेजारच्या खोलींत, आणि परवाना मात्र सातासमुद्रांपलीकडे, हा देखावा विचार करण्यासारखा आहे.

गाणें ॲम्प्लिफायरपर्यंत सुखरूप पोंचलें. आतां सांडण्याचा दुसरा प्रसंग. विजेची लहर पुन्हां हवेंतील लहर करणें हें सर्वांत अवघड काम स्पीकरावर पडतें, आणि सबंध साखळींत अधिकांत अधिक बिघाड तेथें होतो. आंकड्यांच्या प्रवासांतील चूक शून्य, डॅकची नगण्य, ॲम्प्लिफायरची अल्प, आणि स्पीकर व खोली मिळून जी करतात ती कोणासहि ऐकूं येईल इतकी. पैसा असेल तर येथें घालावा. जुन्या स्पीकराच्या पडद्याभोंवतीं स्पंजाची कडा असते. कोंकणासारख्या दमट हवेंत पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो व खर्जाचे स्वर फडफडूं लागतात. स्पीकर गेला असें म्हणून लोक तो भंगारांत देतात. वस्तुतः कडा बदलून मिळते आणि पडदा पुष्कळदां शाबूत असतो. स्पीकर भिंतीच्या अगदीं कोपऱ्यांत ठेवले तर खर्ज फुगतो. हातभर पुढें ओढून पाहावे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. भूमितीचा असा उपयोग होतो हें पाहून मुलांना नवल वाटतें. आपल्या घरांतील चकचकीत फरशी व उघड्या भिंती आवाज परतवितात. एक जाड सतरंजी, पडदे, आणि पुस्तकांनीं भरलेलें कपाट यांनीं जो सुधार होतो तो नव्या यंत्रानें होणार नाहीं.

कोठारांतील यादीविषयीं दोन शब्द. प्रत्येक फाईलींत गाण्याचें नांव वगैरे लिहिण्याची सोय असते. १९९६ सालीं एम.पी.३ साठीं निघालेल्या पहिल्या पद्धतींत नांवास ३० बाइटांची जागा होती. देवनागरीच्या एका चिन्हास आज रूढ असलेल्या संकेतांत तीन बाइट लागतात, म्हणजे अवघीं दहा चिन्हें. 'नाट्यसंगीत' एवढा एकच शब्द लिहिला कीं जागा संपली! पुढच्या पद्धतींत ही अडचण राहिली नाहीं. फ्लॅकमध्यें तर आपले स्वतःचे रकाने घालतां येतात. रकान्याचें नांव रोमी लिपींत लागतें, आंतील मजकूर देवनागरींत चालतो. पाश्चात्य यादींत गायक, संग्रह, रचनाकार एवढेंच असतें. आपल्याकडे राग आणि ताल हे रकाने आरंभींच घालावे, म्हणजे पावसाळ्यांत घरांतले सगळे मल्हार एका चिठ्ठीनें काढतां येतील. कांहीं ध्वनिमुद्रणांत बडा ख्याल व छोटा ख्याल अशा दोन फायली असतात. त्यांच्या मध्यें वादकयंत्रानें क्षणाचीहि फट पाडूं नये, नाहींतर नेमकी सम हरवते. यंत्र घेण्यापूर्वीं हें तपासावें.

आतां कोणी म्हणेल, महिन्याचे थोडे पैसे भरून इंटरनेटवर सारें संगीत मिळत असतां हा खटाटोप कशाला? सारें मिळत नाहीं. मघाच्या प्रश्नकर्त्या विद्यार्थ्यानें पुढें एक दिवस प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळलेली कॅसेट आणली. तिच्यांत त्याच्या पणजीनें म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. पणजी आतां नाहीं, जातेंहि नाहीं, आणि ती कॅसेट वाजविणारें यंत्र घरांत उरलें नव्हतें. जगांतील कोणत्याहि कंपनीच्या कोठारांत त्या ओव्या मिळावयाच्या नाहींत. अशी एखादी कॅसेट पुष्कळांच्या घरीं असते: आजोबांचें कीर्तन, आत्याच्या लग्नांतील मंगलाष्टकें, देवळांतलें भजन, चर्चमधील गायन. फीत वर्षागणिक क्षीण होत असते, बुरशी धरते, एका दिवशीं यंत्रांत अडकून तुटते. येथें लहरीचा आंकडा लवकरांत लवकर होणें अगत्याचें आहे, कारण त्यानंतर झीज थांबते.

काम कठीण नाहीं. चालू स्थितींतला कॅसेट-डेक कोणाकडून तरी मागून आणावा. त्याचें फीत वाचणारें टोक शुद्ध अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें पुसावें व वाळूं द्यावें. कॅसेट प्रथम एकदां पुढें व एकदां मागें संपूर्ण गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. डेकच्या 'लाइन आउट'पासून तार संगणकांत न्यावी. हल्लींच्या लॅपटॉपांत केवळ मायक्रोफोनचें छिद्र असतें, तें ह्या कामीं चालत नाहीं, म्हणून यू.एस.बी.ची लाइन-इन असलेली एक लहान पेटी घ्यावी. 'ऑडॅसिटी' हा फुकट मिळणारा कार्यक्रम उघडून आवाजाचा कांटा मोठ्यांत मोठ्या आवाजालाहि वरच्या टोकास टेकणार नाहीं असें पाहावें. टोकास टेकला कीं लहरीचा माथा कापला जातो आणि तो पुढें कशानेंहि जोडतां येत नाहीं. मग कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदां सलग वाजूं द्यावी. फितीची सळसळ ऐकूं येईल. ती काढून टाकण्याचा मोह पहिल्या प्रतीवर तरी आवरावा, कारण सळसळीबरोबर जात्याच्या घरघरींतलेंहि कांहीं जातें. फाईल फ्लॅकमध्यें ठेवावी. नांव, गांव, साल, आणि म्हणणाऱ्या व्यक्तीचें नातें हें सर्व रकान्यांत लिहावें. पन्नास वर्षांनीं आवाज ओळखणारें कोणी नसेल.

दोन प्रती कराव्या: एक घरांतील संगणकांत, दुसरी निराळ्या तबकडीवर परगांवच्या नातलगाकडे. मूळ कॅसेटहि टाकूं नये. ती कोरड्या कपाटांत, उभी, स्पीकराच्या लोहचुंबकापासून दूर ठेवावी.